पुराच्या रात्री केलेली यादी आणि पाच वर्षांनी आलेला फोन

वाळवंटीकाठ | २३ मे २०२६, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. हा धागा काढू की नको यात पंधरा दिवस गेले. पण पाऊस तोंडावर आलाय आणि मला सल्ला हवा आहे, म्हणून लिहितो.

२३ जुलै २०२१ चा पूर सत्तरी-डिचोलीच्या माणसांना सांगायला नको. म्हादई आणि वाळवंटी दोन्ही नद्या एकदम चढल्या. पैकुळचा पूल गेला. १९८२ नंतर असं पाणी पाहिलं नव्हतं, असं जुनी माणसं म्हणत होती. वीज नव्हती, फोनची रेंज येऊन-जाऊन होती. तेव्हा आमच्या वाड्यावरच्या सहा जणांनी मोबाईलवरच एक गूगल शीट उघडली. घर कुठलं, फोन, माणसं किती, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुठली बाई पोटुशी आहे, कोण एकटं राहतं. लिंक मुद्दामच सगळ्यांना उघडी ठेवली. पहाटे तीनला होडीत बसलेल्या माणसाकडे पासवर्ड मागायचा नव्हता. त्या यादीने काम केलं. चार घरांतली म्हातारी माणसं तिच्यामुळे वेळेत बाहेर आली आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

मग पाणी ओसरलं, घरांतला चिखल काढला, गणपतीची चवथ आली. यादी तशीच राहिली. मदतीचं सामान पाठवणाऱ्यांनी मागितली, दिली. त्यांनी पुढे कुणाला दिली, कुणीतरी तिची एक्सेल करून घेतली. ती कुठवर पोचली हे आज मला सांगता येत नाही.

या मार्चमध्ये शेजारच्या आजींना फोन आला. वय ७८, एकट्या राहतात, मुलगा बोटीवर. "पूरग्रस्तांच्या भरपाईचा राहिलेला हप्ता आलाय, खात्यात टाकायचा आहे." वाड्याचं नाव, घरात पाणी किती शिरलं होतं, मुलगा बोटीवर असतो, हे सगळं त्यानेच आपणहून सांगितलं. आजींनी ओटीपी दिला. ४२ हजार गेले. लाजेपोटी दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते.

माहिती आमच्याच यादीतून गेली हे मला कसं कळलं तेही सांगतो. त्या माणसाने फोनवर विचारलं होतं, "आजी, डावा पाय आता बरा आहे ना?" आजींचा उजवा पाय अधू आहे. त्या रात्री घाईघाईत मी शीटमध्ये 'डावा' लिहिलं होतं. दुसऱ्या कुठल्याही कागदावर आजींच्या डाव्या पायाला काही झालेलं नाही.

आजी मला म्हणाल्या, "पुता, त्याला माझं सगळं ठाऊक होतं, म्हणून मला तो सरकारी माणूस वाटला." यादी मी केली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता पंच म्हणतात, मृग लागायच्या आत यादी नव्याने करा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण अशी यादी करायचा आम्हाला अधिकार आहे का? कायद्यात बसत असली तरी करावी का? आणि जुन्या प्रती फिरताहेत त्यांचं काय करू?


साळची लेक | २३ मे, रात्री १०.०५

दादा, आधी आजींना सांगून टाका. बाकीचं नंतर.

पण यादीच नको असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात आहे. आमच्या साळला तिळारीचं पाणी येतं. धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पाणी शिरतं आमच्या माजघरात. दरवाजे उघडल्याची खबर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, मग जिल्हाधिकारी, मामलेदार, तलाठी, पंच अशी उतरत येते. नदीला एवढे टप्पे नसतात. धरण सुरक्षा कायदा, २०२१ प्रमाणे धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा करायलाच हवा. माझी मागणी एवढीच की त्या आराखड्यात आमच्या शेवटच्या घरापर्यंतची वाट लिहिलेली असावी, सीमेपर्यंतची नव्हे.

दुसरं, भाषा. मागच्या पावसात आजीच्या फोनवर इशारा आला तो इंग्रजीत. तिला ती कंपनीची जाहिरात वाटली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी आपली राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही मुभा आहे. रोमी लिपीत कोंकणी वाचणारी घरंही आपल्या शेजारीच आहेत. तिन्ही पाठवा ना. मोबाईलवर मोठ्याने वाजणारे इशारे पाठवायच्या चाचण्या २०२३ पासून देशात चालल्या आहेत, यंत्रणा आहे. नुसता भोंगा वाजून माणूस घाबरतो. कुठे जायचं ते त्याच्या भाषेत लिहिलेलं असेल तरच तो उठतो.


दर्यावर्दी | २३ मे, रात्री १०.३१

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलंय, २०२१ ला पाण्यात होतो. एका घरासमोरून आम्ही होडी पुढे नेली, कारण आत अंथरुणाला खिळलेला माणूस आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तीन तासांनी परत गेलो तेव्हा पाणी खाटेला लागलं होतं. तो वाचला. पण त्या तीन तासांचं ओझं मी अजून वागवतो आहे.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. यादी हवी, बारा महिने हवी, जितक्यांच्या हातात असेल तितकी बरी. गोपनीयता कोरड्या जमिनीवर बसून आठवते. ४२ हजार परत मिळवता येतात, माणूस नाही.


वाळवंटीकाठ | २३ मे, रात्री १०.५०

दर्यावर्दी, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण आजींना ते ४२ हजार परत मिळवता येणार नाहीत. आणि आता त्या फोनच उचलत नाहीत. येत्या पावसात पाणी चढलं आणि मी फोन केला, तर तोही उचलणार नाहीत. त्यांचा जीव वाचवायला केलेल्या यादीनेच तो पुन्हा धोक्यात घातला, हे मला झोपू देत नाही.


रात्रपाळी | २४ मे, पहाटे ५.२०

आत्ताच ड्यूटी संपली. मी आपत्कालीन फोन घेण्याच्या कामात आहे, कुठे ते लिहीत नाही.

लोकांना वाटतं, ११२ लावला की समोरच्याला आपलं घर नकाशावर दिसतं. कधी चांगलं ठिकाण येतं, कधी फक्त टॉवरच्या आसपासचा भाग येतो, आणि डोंगराळ भागात तो कितीतरी किलोमीटरचा असू शकतो. मग माणूस सांगतो, "देवळाजवळ." सत्तरीत देवळाविना वाडा आहे का? म्हणून माझी कळकळीची विनंती, घराजवळचा विजेच्या खांबाचा नंबर, शाळा, पूल, काहीतरी एक ठरवून घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. आणि ज्यांच्याकडे बटणांचे साधे फोन आहेत त्यांना सांगा, ५ किंवा ९ दाबून धरलं की मदतीचा फोन लागण्याची सोय २०१७ पासून विकल्या गेलेल्या फोनांत असायला हवी असा नियम आहे. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा. आजींच्या फोनवर एकदा तपासून बघा.

आता जे कुणी बोलत नाही ते. एका रात्री एका बाईचा फोन आला, कुजबुजत दोन वाक्यं बोलली आणि कट झाला. पद्धत अशी की अशा वेळी उलट फोन लावायचा. पण तो फोन नवऱ्यासमोर वाजला तर? मी लावला नाही. टॉवरच्या माहितीवरून आणि तिने म्हटलेल्या एका दुकानाच्या नावावरून गाडी पाठवली. गाडी पोचली. मी नियम मोडला की पाळला, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आठवड्याने एका पुरुषाचा फोन आला. "अमुक तारखेला माझ्या बायकोच्या नंबरवरून तुमच्याकडे फोन झाला होता का?" आवाज अगदी सभ्य. म्हणाला, तिच्या काळजीने विचारतो. माझ्या समोरच्या पडद्यावर दोन कळा दाबल्या की उत्तर होतं. अशी उत्तरं आमच्या हातात रोज असतात. कुणी, कधी, कुठून, कशासाठी फोन केला. गावातला ओळखीचा माणूस चहाच्या टपरीवर विचारतो, "काल तुमची गाडी त्यांच्या घरी कशाला गेली होती रे?" विचारण्यात वाईट हेतू नसतो. पण ज्या घरी गाडी गेली त्या घराने विष घेतलेल्या मुलीसाठी ती बोलावलेली असते.

दर्यावर्दी, एक विचार करा. आपली गोष्ट बाहेर जाईल या भीतीने जो फोनच करत नाही, तो आमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. म्हणून मी गोपनीयता मदतीच्या बाजूची मानतो.


दर्यावर्दी | २४ मे, सकाळी ८.१५

रात्रपाळी, हे मला ठाऊक नव्हतं. विचार करतो.


काळाकोट | २४ मे, सकाळी ११.४८

मी म्हापशाला वकिली करतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

दोन गोष्टी वेगळ्या करू. माहिती घ्यायला परवानगी लागते का, आणि घेतलेली माहिती किती दिवस ठेवता येते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चं कलम ७ पाहा. संमती न घेता माहिती कधी वापरता येते ते त्यात दिलंय. जिवावर बेतलेली वैद्यकीय वेळ त्यात आहे, साथ आहे, आणि आपत्तीत माणसांना सुरक्षित ठेवणं वा मदत पोचवणं हेही आहे. आपत्तीची व्याख्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली घेतली आहे. म्हणजे होडीतून हाक मारून "आत कोण आहे, काय होतंय" विचारायला सहीचा कागद नको. इथपर्यंत कायदा दर्यावर्दींच्या होडीत बसलेला आहे.

पुढे मात्र तो उतरतो. कलम ८ सांगतं की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायची, आणि जवळ आहे तोवर नीट राखायची. राखली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि ती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवायचं, हेही त्याच कलमात आहे. साळची लेक म्हणाल्या, आजींना सांगा. कायदाही तेच म्हणतो.

आता खोड. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यांत १८ महिन्यांची मुदत आहे. या पावसाळ्यात त्याचं पूर्ण छत्र नाही. शिवाय तो डिजिटल माहितीलाच लागतो, वहीत पेनने लिहिलेल्या यादीला नाही. स्वतःच्या घरगुती वापराची माहिती त्यातून वगळली आहे, पण वाड्याची यादी घरगुती म्हणवून सुटता येईल असं मला वाटत नाही.

पंचायतीने किंवा मामलेदारांनी यादी केली तर आणखी एक दार उघडतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा, आणि हेतूला लागेल तेवढंच घ्यायला हवं. कोविडमध्ये याची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये कर्नाटकात विलगीकरणातल्या लोकांचे पत्ते जाहीर केले गेले, म्हणजे शेजाऱ्यांच्या हाती दगडच दिले. केरळने रुग्णांची माहिती स्प्रिंकलर या परदेशी कंपनीच्या हाती दिली, तेव्हा २४ एप्रिल २०२० ला केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की नावनिशाणी काढल्याशिवाय कंपनीला ती पाहू देऊ नका आणि लोकांची संमती घ्या. लक्षात घ्या, न्यायालयाने साथीचं काम बंद पाडलं नाही. आरोग्य सेतूचंही पाहा. १ मे २०२० च्या आदेशाने ते कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं, १७ मेच्या आदेशात ती सक्ती सैल झाली, आणि मधे ११ मेच्या नियमावलीत माहिती साधारणपणे १८० दिवसांवर ठेवायची नाही अशी मर्यादा आली. मुदत लिहिणं शक्य असतं, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

गटाच्या ॲडमिनांसाठी. दर पावसाळ्यात "अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले, पळा" असा एक फॉरवर्ड फिरतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. या कलमात 'जाणूनबुजून' असा शब्द नाही, आणि ते मला खटकतं. पहाटे घाबरून खरं समजून पुढे पाठवणारा आणि मुद्दाम अफवा सोडणारा एकाच कलमात येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये अफवांबद्दल लिहिताना सद्भावनेने, खरं मानायला आधार असताना बोललेल्याला तरी सूट आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याचा सामायिक हेतू दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. आपलंही उच्च न्यायालय तेच. पण म्हणून गप्प बसू नका. पाणी दिसलं तर लिहा, आणि सोबत किती वाजता, कुठून, स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहा. ही सवय तुमचाही बचाव आहे.


खारफुटी | २४ मे, दुपारी ३.३०

वाळवंटीकाठ, हा प्रतिसाद वाचायच्या आधी ती शीट उघडा आणि लिंक बंद करा. मग पुढे वाचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रती परत येणार नाहीत, हे आधी मान्य करावं लागेल. २०१८ च्या केरळच्या पुरात स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या संकेतस्थळावर मदतीच्या हाका नाव-गाव-फोनसकट लागत होत्या. त्यांनी खूप जीव वाचवले, आणि तेच फोन नंबर नंतरही लोकांच्या संगणकांत राहिले. आपण सगळे त्याच वाटेने गेलो. मोठ्यांचीही सुटका नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस युद्धात-आपत्तीत ताटातूट झालेली कुटुंबं जोडून देते. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या सर्व्हरांवर हल्ला झाल्याचं उघड झालं आणि ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती चोरांच्या हाती गेली.

पण मला आपल्या घरची गोष्ट आठवून द्यायची आहे. जून २०२२. जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. गोव्यातल्या मोठ्या नद्यांवरच्या १५ केंद्रांची पाण्याच्या पातळीची माहिती कुलूपबंद झाली आणि हल्लेखोरांनी सोडवणुकीला बिटकॉइन मागितले. ऐन पावसाळ्यात! आपण खासगीपणाबद्दल बोलतोय, पण त्या १५ केंद्रांत कुणाची खासगी माहिती नव्हती. तिथे चोरीला गेला तो नदीचा आकडा. त्यामुळे मला वाटतं, आपत्तीतल्या तंत्रज्ञानाला नेहमी दुसरा प्रश्नही विचारावा. हे बंद पडलं तर काय? पातळी सांगणारं ॲप आलं म्हणून पुलाच्या खांबावरची रंगवलेली पट्टी बघायला माणूस पाठवणं थांबवलं असेल, तर सर्व्हर बंद पडल्याच्या रात्री आपल्याकडे ॲपही नाही आणि पट्टीही नाही. त्या रात्री कुणी बुडालं तर जबाबदार कोण? अँटीव्हायरस न घालणारा, कंत्राट देणारा, की माणूस काढून घेणारा? याचं उत्तर कंत्राटातच लिहिलेलं असायला हवं. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, असा निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाला आहे. नदीकाठच्या गावाला किती तासांत कळवायचं, हे कुठेतरी लिहिलेलं मला वाचायचं आहे.

आता यादी. तुमच्या शीटमध्ये आजाराचा रकाना होता. होडीवाल्याला आजार कशाला हवा? त्याला एवढंच हवं, की या घरात एक माणूस आहे आणि त्याला उचलायला दोघे लागतील. डायलिसिस कधीचं आहे ते आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना हवं. 'एकटी राहते' तर कुणालाच हवं असं नाही, 'माणसं १' लिहिलं तरी काम होतं, आणि तेही बाहेर जाता कामा नये. दर्यावर्दी, तुम्हीच सांगा, त्या रात्री तुम्हाला नक्की काय माहीत असतं तर होडी थांबली असती?


दर्यावर्दी | २४ मे, संध्याकाळी ६.०२

प्रामाणिकपणे सांगतो. "इथे थांबा, दोघे जण वर जा." एवढंच. त्या माणसाला काय झालं होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि उचलताना लागलंही नाही.

तुमचं पटलं. पण यादी फोनमध्ये नको असेल तर कागद भिजतो, तेही बघा. आणि पुसायची म्हणता तर कधी? पाणी तारीख विचारून येत नाही.


हडफड्याहून | २४ मे, रात्री ९.४०

धागा पुराचा आहे, तरी लिहिते, कारण हा विषय माझ्या मनातून जात नाही.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री आमच्या गावातल्या नाईट क्लबला आग लागली. २५ जण गेले, त्यांतले बहुतेक तिथे राबणारे कामगार, कुठल्या कुठल्या राज्यांतून पोटासाठी आलेले. पहाटेपर्यंत माझ्या फोनवर चार गटांतून व्हिडिओ आले होते. एकात चेहरा ओळखता येत होता. त्या मुलाची आई कुठे असेल, तिला कुणी फोन केला असेल का, की तीही अशाच एखाद्या गटात असेल, हाच विचार मला पडला. मी तो पुढे पाठवला नाही. पण थांबवलाही नाही. "काढून टाका" असं लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही, आणि ते मला लागून राहिलंय.

काळाकोट, मेलेल्या माणसाच्या खासगीपणाला कायद्यात जागा आहे का?


काळाकोट | २५ मे, सकाळी ७.५५

ताई, डेटा कायदा जिवंत माणसाला धरून लिहिलाय. तुम्ही वर्णन करता त्या व्हिडिओंना तो नीट पोचत नाही. मृतदेहाची विटंबना हा न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, पण त्याला अपमानाचा हेतू किंवा भावना दुखावतील याची जाण लागते, आणि नुसता फॉरवर्ड त्यात बसवणं कठीण. मृतदेहालाही सन्मानाचा हक्क आहे असं आपली न्यायालयं राज्यघटनेच्या कलम २१ खाली म्हणत आली आहेत. ते सरकारला बांधतं, तुमच्या गटातल्या काकांना नाही.

एक भेद मात्र करतो. आगीचा व्हिडिओ पुरावाही असतो. दार किती अरुंद होतं, बाहेर पडायची वाट होती का, हे त्यातूनच कळतं. त्यामुळे तो पुसू नका, तपास करणाऱ्यांना द्या. गटात टाकू नका.


काणकोणकर | २५ मे, दुपारी १.१०

कुणी "चवथ झाली की यादी फाडा" म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. काणकोणचा पूर २ ऑक्टोबर २००९ चा. पाऊस संपला म्हणून आम्ही छत्र्या वर ठेवल्या होत्या. तुळशीचं लग्न लागेपर्यंत यादी ठेवा, त्याआधी हात लावू नका.


साळची लेक | २५ मे, दुपारी १.३२

तुळशीच्या लग्नाला +१. आणि पुढच्या मृगाला पुन्हा घरोघरी जाऊन विचारायचं. जुनी उतरवून काढायची नाही. वर्षात माणसं बदलतात, बाळं जन्मतात, कुणी जातं.


वाळवंटीकाठ | ६ जून २०२६, रात्री ८.४५

मंडळी, उशीर झाला. झालं ते सांगतो.

शीट त्याच दुपारी बंद केली. ज्या अकरा गटांत लिंक गेल्याचं आठवलं, तिथे लिहिलं की यादी फुटली आहे, ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी काढून टाकावी. सात गटांतून उत्तर आलं. यादीतल्या ४३ घरांना पंच आणि मी जाऊन सांगितलं. तीन घरं रागावली, त्यातल्या एकाने दार लावून घेतलं. त्यांचा तो हक्क आहे. आणखी दोन घरांत भरपाईचे तसेच फोन येऊन गेले होते, त्यांनी पैसे दिले नव्हते, पण कुणाजवळ बोललेही नव्हते. आता सगळ्यांना १९३० पाठ करून दिलाय.

नवी यादी वहीत आहे. घर, माणसं किती, उचलायला किती जण लागतील, घराजवळचा खांब नंबर. रात्रपाळींचा खांब आम्ही उचलला. आजाराचा रकाना नाही. ज्यांना औषधाची, मशीनची गरज आहे त्यांनी ते आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना स्वतः सांगायचं, आणि सांगितलंय. वहीच्या दोन प्रती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक पंचांकडे, एक होडीवाल्या पोरांकडे. पहिल्या पानावर लिहिलंय की तुळशीच्या लग्नाला ही वही देवळासमोर सगळ्यांदेखत जाळायची. फोटो काढायचा नाही, हेही लिहिलंय. दोन घरांनी नाव द्यायला नकार दिला. त्यांच्या शेजाऱ्यांनी आपणहून सांगितलं, "आम्ही बघू."

आजींना सांगायला सगळ्यात शेवटी गेलो, धीर होत नव्हता. ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन पाणी घेऊन आल्या, मला दिलं आणि विचारलं, वही आणलीस का. मी आणली होती, पण त्यांचं नाव विचारायचं माझ्या तोंडून निघत नव्हतं. त्यांनीच वही पुढ्यात ओढली.

"माणसं एक लिही. उचलायला दोघे," म्हणाल्या. "आणि पायाचं लिहायचंच असेल तर उजवा लिही."

पायाचं काही लिहिलं नाही.